पान रिफ्रेश न होता माहिती सेव्ह कशी होते?

इन्स्टाग्रामवर फोटोखालचे हृदय दाबले की ते लगेच लाल होते. पान मात्र जागचे हलत नाही. पूर्वी असे नव्हते. फॉर्म भरून 'सबमिट' दाबले की अख्खे पान नव्याने लोड होई. एखादा रकाना चुकला, तर बरेचदा सगळा फॉर्म कोरा होऊन परत येई.

हे बदलले ते ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमुळे. बटण दाबताच ती पान लोड होणे थांबवते, रकान्यांतील मजकूर गोळा करते आणि मागच्या मागे सर्व्हरला पाठवते. सर्व्हर तो डेटाबेसमध्ये नोंदवतो आणि छोटेसे उत्तर देतो. त्यानुसार पानाचा तेवढाच भाग बदलतो. यासाठी लागणारी 'एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट' ही सोय मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक ईमेलच्या वेब आवृत्तीसाठी तयार केली आणि 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 5 मधून ती सर्वांपर्यंत आली. 2004 मध्ये जीमेल आणि 2005 मध्ये गूगल मॅप्सने तिची ताकद दाखवली. फेब्रुवारी 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकन डिझायनरने या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. आता हेच काम बहुतेक ठिकाणी 'फेच' करते.

गोम अशी, की पान हलत नसल्याने माहिती खरेच पोहोचली का, हे डोळ्यांना कळत नाही. ते लाल हृदय अनेकदा सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच रंगवलेले असते. विनंती फसली तर ते गुपचूप पुन्हा पांढरे होते. लाइकपुरते हे चालून जाते. प्रवेशअर्ज किंवा पैसे भरताना मात्र नाही. नेट मंद असताना बटण दोनदा दाबले, तर दोन नोंदी होऊ शकतात. म्हणून चांगल्या साइट पहिल्या दाबानंतर बटण बंद करतात आणि प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, की सर्व्हर दुसरी नोंद करत नाही.

'ड्राफ्ट सेव्ह झाला' यावरही लगेच विसंबू नये. काही साइट तो मजकूर फक्त ब्राउझरच्या 'लोकल स्टोरेज'मध्ये ठेवतात. टॅब बंद केला तरी तो टिकतो, पण दुसऱ्या फोनवर दिसत नाही. सायबर कॅफेतल्या संगणकावर तो पुढच्या माणसाला दिसू शकतो, हा धोका वेगळाच. अर्ज पोहोचल्याची खरी खूण म्हणजे सर्व्हरकडून आलेला अर्ज क्रमांक.

शिवाय जावास्क्रिप्टला 'सबमिट'ची वाट पाहावीच लागते असे नाही. टाइप होणारे प्रत्येक अक्षर ती टिपू शकते. फेसबुकवरच्या 39 लाख वापरकर्त्यांचा 17 दिवसांचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 71 टक्के लोकांनी निदान एकदा तरी काहीतरी लिहून ते पोस्ट न करताच सोडून दिले होते. संशोधकांनी मजकूर नोंदवला नव्हता, फक्त काहीतरी लिहिले गेले एवढेच नोंदवले होते. ही मर्यादा त्यांनी स्वतः घालून घेतली होती. तंत्राला ती नाही.