कापड कोण हलवतं?

कॉम्प्युटरच्या मशीनवर मोर उमटू लागला की सगळे सुईकडे बघतात. मी कापड ताणून धरणाऱ्या रिंगेकडे बघते. भरतकाम करताना सुई बिचारी वर-खाली एवढंच करते. नक्षी घडते ती कापड सरकल्यामुळे. म्हणून या मशीनचा इतिहास मी शिवणक्लासात एकाच प्रश्नावर शिकवते: कापड हलवतं कोण?

१८२८च्या सुमारास फ्रान्समधल्या म्युलूझ गावी जोसुए हाइलमानने भरतकामाचं मशीन बनवलं. कारागीर सहापट मोठ्या काढलेल्या नक्षीवरून एक काटा टाक्याटाक्याने फिरवी. दांड्यांच्या जोडणीमुळे चौकटीत ताणलेलं कापड त्याच्या सहाव्या हिश्शाने सरके आणि ओळीतल्या सगळ्या सुया एकदम तीच नक्षी भरत. १८६३मध्ये स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्लीने शटल आणि सलग दोरा आणला. पुढे काटा फिरवणारा माणूसही गेला, त्याचं काम भोकं पाडलेल्या पट्ट्यांकडे आलं. पण ही सगळी धुडं कारखान्यातली.

घरी कापड आम्हीच हलवायचो. कापड दाबून धरणारं फूट काढायचं, कापड सरकवणाऱ्या दात्यांवर पत्रा बसवायचा आणि रिंगेत ताणलेलं कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायचं. हातापायांचा मेळ चुकला की टाका लांब पडे, नाहीतर सुई मोडे. शोभेच्या टाक्यांपुरती सोय झिगझॅग मशीनमध्ये होती. त्याच्या पोटातल्या कॅम नावाच्या चकतीच्या खाचा-उंचवट्यांप्रमाणे सुई डावी-उजवीकडे सरके. एका कॅमवर एक नमुना. नवा हवा तर नवी चकती.

१९७५मध्ये सिंगरच्या 'अथेना २०००'ने हे काम इलेक्ट्रॉनिक चिपकडे दिलं. १९७९मध्ये जपानच्या जानोमेचं 'मेमरी ७' आलं. टाके बटणावर आले, तरी मोर काढायला हातच लागत. तो हात सुटला १९९०मध्ये, जानोमेच्याच 'मेमरी क्राफ्ट ८०००'मुळे. आता मशीनच रिंग धरून आडवी-उभी सरकवू लागलं. टाका म्हणजे दोन आकडे, किती आडवं आणि किती उभं. सुई कापडाबाहेर असते तेवढ्यात रिंग पुढच्या जागी पोचते. हाइलमानची हलती चौकट अशी घरातल्या टेबलावर आली. २००१मध्ये तर जपानी जॅग्वार कंपनीने मुलांच्या खेळातल्या गेम बॉयवर चालणारं भरतकामाचं मशीन काढून मारिओची चित्रंही कापडावर उतरवली.

एवढं झाल्यावर हाताला काय उरलं? कापड बसवणं. पैठणीवरच्या ब्लाउजचं रेशीम रिंगेत सैल राहिलं, तर लाखाचं मशीनही मोराभोवती चुण्या पाडतं. फार ओढून बसवलं, तर रिंग काढल्यावर कापड आखडतं आणि पिसारा आक्रसतो. कुठल्या कापडाखाली किती कडक अस्तर लावायचं, हे बोटांनी चाचपूनच ठरवावं लागतं. म्हणून माझ्या क्लासात नवीन मुलगी आधी साध्या पायमशीनवर हाताने रिंग फिरवते. तिची गोल पाकळी गोल आली, की मगच कॉम्प्युटरचं बटण.