खुर्ची गेली, पेटी बसली

पॅरिस, १८४२. अलेक्झांद्र दबँ यांच्या कारखान्यात तुम्ही शिरता. रंध्याखालून सुटलेल्या लाकडाच्या वळ्या पायाला लागतात. समोर टेबलाएवढं एक वाद्य उभं आहे. याच वर्षी दबँ यांनी त्याचं पेटंट घेतलंय. नाव : हार्मोनियम. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवतं. तुम्ही बसता आणि दोन्ही पाय आळीपाळीनं पायट्यांवर दाबू लागता. भाता पाय चालवतात, त्यामुळे दहाही बोटं मोकळी. डाव्या हाताखाली तीन-चार स्वर एकदम वाजतात, उजव्याखाली त्यांच्यावरून धून चालते. निरनिराळे स्वर एकाच वेळी जुळून वाजणं, म्हणजे हार्मनी. वाद्याचं नावच तिच्यावरून पडलंय.

झाकण उचलून आत बघा. हवेच्या झोतानं थरथरणाऱ्या पितळी जिभा दिसतील. अशीच मोकळी जीभ चीनमधल्या ‘शेंग’ या वाद्याच्या बांबूच्या नळ्यांत दोन हजारांहून अधिक वर्षं गुणगुणते आहे. तेव्हा फार ‘युरोपी, युरोपी’ करू नका.

आता कलकत्ता, १८८० नंतरची एक दमट दुपार. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते वाद्य बोटीनं इथे येऊन पोचलंय. पण गाणं इथे फरशीवरच्या गादीवर, मांडी घालून चालतं. खुर्ची ठेवायची कुठे? आणि मांडी घातल्यावर पाय भात्याला पोचायचे कसे?

द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या दुकानात या प्रश्नाचं उत्तर तयार होतंय. पायटे आणि वाद्याचे पाय दोन्ही गेले. भाता मागच्या बाजूला आला. तुम्ही मांडी ठोकून बसता, डाव्या हातानं भाता मारता आणि दचकता, कारण वाजवायला आता एकच हात उरला. ज्या हार्मनीसाठी बारसं झालं, तिला जागाच राहिली नाही! तुम्ही हळहळता, आसपास मात्र कुणी हळहळत नाही. राग एका स्वरातून दुसऱ्या स्वरात चालतो, त्याला मागे षड्ज भरून राहिला की पुरे. म्हणून पुढे स्टॉप बसवतात : ओढला की एक स्वर अखंड धरून राहतो. जे नको होतं ते गळलं, जे हवं होतं ते आलं. ‘हार्मोनियम’ या नावाचीही आपल्याकडे फारशी गरज उरणार नाही. नुसतं ‘पेटी’ म्हटलं की कळेल.

१९११. महाराष्ट्र. ‘संगीत मानापमान’ हे नाटक रंगमंचावर येतंय आणि त्याच्या चाली बांधल्या आहेत एका पेटीवाल्यानं, गोविंदराव टेंब्यांनी. बैठकीतही पेटीनं गवयाशेजारी जागा मिळवली आहे. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला हेच टेंबे बसतात. कान देऊन ऐका. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर पेटीत नाही, त्यामुळे स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी खरी मींड तिला जमणार नाही. मग वाजवणारा शेजारच्या स्वराचा कण लावतो, बोटं अशी निसटती फिरवतो की मींड झाल्याचा भास व्हावा. युरोपातून आलेल्या पट्ट्यांवर हा चकवा इथल्या बोटांनी शोधलाय.

दिल्ली, १ मार्च १९४०. आकाशवाणीवरून पेटी हद्दपार! पेटीचे स्वर ठरावीक, श्रुतींचे बारकावे तिच्यात नाहीत, असा आक्षेप. तो खोटा नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नकोशी होती. गंमत अशी की तिच्याविरुद्ध जोरात लिहिणाऱ्यांत रेडिओवरचे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्झही होते. भारतीय गाण्याला पेटी परकी आहे, हे साहेबानं सांगायचं आणि गावातल्या भजनी मंडळानं मात्र ती कधीच आपली करून टाकलेली! पूर्ण बंदी १९७१ पर्यंत टिकली. तोवर देवळातली पेटी एक दिवस थांबली नाही.

उलट ती समुद्रापारही पोचली होती. १८४५ पासून कलकत्त्याहून मजूर घेऊन जहाजं त्रिनिदादला जात होती. तिथे कान दिलात तर त्यांच्या वंशजांच्या चटणी संगीतात ढोलक आणि धनताल या तालवाद्यांबरोबर तुम्हाला पेटीच ऐकू येईल. दबँची नव्हे, मांडी घातलेली.

शेवटचा मुक्काम : आजचा सिंधुदुर्ग, रात्रीचे अकरा. देवळापुढे भजनांचा सामना, डबलबारी, रंगली आहे. दोन बुवा आमनेसामने, पुढ्यात आपापली पेटी. एका बुवाचा डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. गळ्यात अभंग आणि अभंगाला चाल एका हिंदी सिनेमाच्या गाण्याची. पखवाज उसळतो, झांजा तुटून पडतात. दुसरे बुवा हसत डोकं हलवतात. उत्तर तयार आहे.

पॅरिसपासून फिरून फिरून तुमचे पाय भरून आलेत. सवयीनं तुमची नजर खुर्ची शोधते. चटईवरचे आजोबा सरकून जागा करतात.

‘‘पावण्यांनू, खाली बसा.’’