वय झालं, पण काम राहिलं



"आता वय झालं, गप एका जागी बसा." साठी गाठलेल्या बाईला हे घरात ऐकावं लागतं, गावात ऐकावं लागतं, कधी कधी आपल्या गटाच्या बैठकीतसुद्धा. म्हणून आज जरा इतिहासात डोकावू या.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. म्हणजे सगळे बत्तिशीत जात असा याचा अर्थ नाही. पाळण्यातली लेकरं दगावत, बायका बाळंतपणात जात, देवी, पटकी, प्लेग यांच्या साथी घरंच्या घरं रिकामी करत. म्हणून सरासरी एवढी खाली. आज ती सत्तरीच्या घरात आहे. आपल्या पणजीला क्वचित मिळालेली वर्षं आता गल्लीगल्लीतल्या बायकांना मिळताहेत. ती कशी जगायची, हे शिकवणारी माणसं मात्र तेव्हाही होती.

त्यातलंच एक घर कर्व्यांचं. धोंडो केशव कर्वे, म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्वे. जन्म १८५८चा, बालपण कोकणातल्या मुरूडला. सतराव्या वर्षी परीक्षेला बसायला ते सोबत्यांबरोबर भर पावसाळ्यात घाट चढून पायी साताऱ्याला गेले. तिथे साहेबांनी तोंडाकडे बघितलं आणि "तू लहान दिसतोस" म्हणून परत पाठवलं. चेहरा बघून वय ठरवायची खोड अशी जुनीच आहे!

पुढे पुण्याजवळ हिंगण्याला त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी चिखलाची वाट तुडवत हिंगणं गाठायचं, असा त्यांचा क्रम होता. १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं तेव्हा साठी जवळ आली होती. एवढ्यावर थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण १९२९ साली, एकाहत्तरीत, ते विद्यापीठासाठी परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, जपान करून आले आणि लगेच आफ्रिकेला गेले. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापलं आणि त्यासाठी लोकांकडे पैसे मागायला निघाले. १९५८ साली शंभरीत भारतरत्न मिळालं. १९६२ साली ते गेले, तेव्हा वय होतं १०४.

चालल्यामुळेच ते एवढे जगले, असं कुणी म्हणू नये. आयुष्याची दोरी किती लांब, ते आपल्या हाती नसतं. पण असलेल्या वर्षांत पाय चालते, डोकं जागं आणि माणसांत ऊठबस ठेवणं बरंचसं हाती असतं.

आता त्यांच्या घरातली बाई बघा. आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. आठव्या वर्षी वैधव्य आलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला आलेल्या त्या पहिल्या विधवा. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, लोकांनी वाळीत टाकलं, तरी त्यांनी संसार रेटला. आणि सत्तरी ओलांडल्यावर स्वतःची कहाणी सांगितली. 'माझे पुराण' हे त्यांचं पुस्तक १९४४ साली निघालं. वय झाल्यावर बाईजवळ सांगण्यासारखं किती असतं, हे त्या पुस्तकानं दाखवलं.

कुणी म्हणेल, "आम्ही तर जन्मभर राबतोच, आणखी कसला व्यायाम?" खरं आहे. पण कष्ट वेगळे आणि व्यायाम वेगळा. दिवसभर वाकून खुरपल्यानं कंबर आणि गुडघे झिजतात. डोक्यावर ओझं नसताना, ताठ मानेनं, मैत्रिणीसोबत अर्धा तास चाललं की हाडं आणि काळीज दोन्ही बळकट राहतात. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात. तेव्हा नाचणी, तीळ, दूध पोटात जाऊ द्या, कोवळं ऊन घ्या, न्हाणीतलं शेवाळ घासून काढा. म्हातारपणी एका पडण्यानं बाई कायमची अंथरुणाला खिळू शकते.

आणखी एक, जे आपण कुजबुजत बोलतो. खोकताना लघवी सुटते, अंग बाहेर येतं, म्हणून कितीतरी जणी लग्नाला, कीर्तनाला, बैठकीला जायचं सोडतात. "वयाचंच आहे" म्हणून सोसत बसू नका. यावर उपचार आहेत. आरोग्य केंद्रात दाखवा, त्याच फेरीत रक्तदाब आणि साखरही तपासून घ्या.

आणि गटातल्या वयस्कर सभासदाला नुसता मान देऊन सतरंजीच्या कोपऱ्यात बसवू नका. तिला काम द्या. बियाणं कसं राखायचं, दुष्काळात घर कसं चाललं, हे तिला विचारा आणि कुणीतरी वहीत उतरवून घ्या. तिला बैठकीला यायला कारण मिळेल. कारण असलं की पाय आपोआप उंबऱ्याबाहेर पडतात.