न्हाणीचे पाणी आणि उताराचे गणित

बांधकाम-साहित्याच्या दुकानात आज कोणीही सहज ‘नहाणी ट्रॅप’ मागतो. इंग्रजीत काढलेल्या आराखड्यांतही हा शब्द तसाच लिहिलेला असतो. फरशीत जाळीखाली बसवायचे हे लहानसे भांडे. त्याचे नाव मात्र आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांतून आलेले. मसुऱ्यासारख्या गावात ‘न्हाणी’ ट्रॅपपेक्षा कितीतरी जुनी, आणि गंमत म्हणजे त्या न्हाणीला ट्रॅप कधी नव्हताच.

गड नदीच्या काठचे, भरतगडाच्या सावलीतले मसुरे जांभ्याच्या चढउतारावर वसलेले आहे. जुने घर चिऱ्यांच्या जोत्यावर उभे आणि न्हाणी मागीलदारी. अंघोळीचे, भांड्यांचे पाणी उघड्या पन्हळीतून केळी, अळू नि माडाच्या आळ्यात जाई. पन्हळ उघडी असल्याने वायू कोंडत नसे. उतार चुकला तर पाणी डोळ्यांदेखत तुंबे आणि खराट्याने वाट मोकळी होई. शौचाची जागा घरापासून दूर. घर आणि घाण यांच्यामध्ये मोकळी हवा होती. तोच त्या घराचा ट्रॅप.

शहरात ही मोकळी जागा उरली नाही. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली शौचकूपाखालच्या नळाला बाक देऊन त्यात पाणी अडवण्याचे पेटंट घेतले. ते चार बोटे पाणी म्हणजे वायूला लावलेले कुलूप. 1858च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले आणि भूमिगत गटारांना वेग आला. त्या काळी रोग दुर्गंधीतून पसरतो अशी समजूत होती. कारण चुकीचे होते, पण त्यातून निघालेला उपाय टिकला.

मुंबईतही तेच. टोपलीने मैला वाहणाऱ्या हलालखोरांच्या जातिबद्ध श्रमावर शहर चालत होते. 1888च्या पालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाने त्याची नोंदही आहे. 1896मध्ये मांडवीत प्लेग आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. यंत्रणेने गटारे धुण्यावर जोर लावला. उंदीर आणि पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी 1898मध्ये दाखवला, तोवर गटार हाच गुन्हेगार ठरला होता.

चाळीतल्या मोरीची सवय झालेला चाकरमानी गावी परतला, तेव्हा त्याने घरातच संडास-बाथरूम बांधले. पन्हळ जमिनीखाली गेली आणि उतार दिसेनासा झाला. चुका इथेच होतात. चार इंची नळाला चाळीसास एक, म्हणजे दहा फुटांना तीन इंच, हा जुना ठोकताळा. उतार कमी पडला तर पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो. सैल भरावावर टाकलेला नळ मधेच खचतो, तिथे पोट सुटते आणि पाणी साचून राहते. वरून कितीही ॲसिड ओतले तरी हा दोष जात नाही. नळ उघडा करून शेवटच्या चेंबरपासून मागे मागे पाणी भरलेल्या नळीने पातळी घ्यावी, तळ घट्ट ठोकावा आणि मगच जोड बसवावेत. हवेचा नळ काढलेला नसेल, तर जोराने वाहणारे पाणी ट्रॅपमधले पाणीही ओढून नेते.

कोकणात आणखी एक गोष्ट घडते. घरे वर्षभर बंद असतात आणि गणपतीला, मे महिन्यात किंवा आंगणेवाडीच्या जत्रेला उघडतात. तोवर ट्रॅपमधले पाणी आटलेले असते. कुलूप काढताच घरात जो वास भरलेला असतो, त्याचा दोष आपण ओलीला देतो. हा प्रश्न नाकापुरता नाही. 2003मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची 300हून अधिक माणसांना लागण झाली. फरशीतले कोरडे पडलेले ट्रॅप आणि बाथरूमचे पंखे यांनी सांडपाण्याच्या नळातले दूषित तुषार घरात ओढले, असा निष्कर्ष तपासात निघाला. घर बंद करताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओतले, तर पाणी लवकर आटत नाही.

दुसरी काळजी विहिरीची. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झरझर वाट काढते. शोषखड्डा विहिरीच्या चढाच्या अंगाला खोदला, तर नळाचा उतार बिनचूक असूनही घाण पिण्याच्या पाण्यात जाऊ शकते. आपल्या नळाचा उतार मोजताना जमिनीचाही मोजावा लागतो.

जुन्या माणसांना चाळीसास एक हे गणित कोणी शिकवले नव्हते. पन्हळीत तांब्याभर पाणी ओतून ते माडापर्यंत पोचते का, एवढेच ते पाहत. पन्हळ आता जमिनीखाली गेली आहे. निदान माती लोटण्यापूर्वी तरी ते तांब्याभर पाणी ओतून पाहावे.