बाराशे सीसीच्या आतला इतिहास

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेदहाचा सुमार, पण नागपूरच्या मे महिन्यात साडेदहा म्हणजे इतर गावांची भर दुपार. अजनीच्या रेल्वे पुलाच्या चढावर आमची गाडी एकाएकी मंदावली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर नुसती शिट्टी वाजवायला लागली, आणि आरशात पाहिलं तर मागे निळसर धूर! मागच्या ऑटोवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला. सौ. म्हणाली, "आता उतरून ढकलायची का?" ढकलावी लागली नाही, पण मागे भलीमोठी रांग घेऊन कसाबसा तो पूल आम्ही ओलांडला.

गाडी मुलाची. २०२१ मध्ये तो कॅनडाला गेला तेव्हा "बाबा, वापरत राहा, नुसती उभी ठेवू नका" असं सांगून किल्ली माझ्या हाती देऊन गेला. इंजिन लहानसं, बाराशे सीसीच्या आतलं, पेट्रोलवर चालणारं, पण टर्बोवालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. कुणाचा होता ते पुढे येईलच.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण गाडी मेडिकल चौकाजवळच्या गॅरेजात आठ दिवस पडून होती. तेवढ्या दिवसांत हे टर्बो प्रकरण मुळात आलं कुठून, ते वाचत बसलो. विषय असा रंगला की दुपारची झोपही मोडली.

१९०५ म्हटलं की माझ्यासारख्याला वंगभंग आठवतो. त्याच वर्षी तिकडे आल्फ्रेड ब्युखी नावाच्या एका तरुण स्विस इंजिनियरने एक पेटंट घेतलं. त्याचं म्हणणं साधं होतं. इंजिनात जे इंधन जळतं त्याच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून वाया जातो. मग त्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र लावा, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरा. हवा जास्त तर इंधन जास्त जाळता येतं, आणि इंधन जास्त जळलं की जोर जास्त. म्हणजे घरातल्या पाठच्या भावाला थोरल्याचे कपडे घालतात तसाच हा प्रकार, टाकून द्यायचं ते कामी लावायचं.

कल्पना सोपी, पण तेवढी उष्णता सोसणारा धातू तेव्हा नव्हता. जहाजांच्या डिझेल इंजिनात ती रुळायला १९२० चं दशक उजाडलं. त्याआधी विमानांनी तिला हात घातला. उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिन धापा टाकतं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनियरने विमानाचं एक इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक या डोंगरावर नेलं. खाली सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर नुसतं २३० देत होतं. टर्बो जोडल्यावर ३५६ देऊ लागलं! वर्गात कधी हे सांगायला मिळालं असतं तर मजा आली असती. पहिल्या महायुद्धावरच्या आमच्या धड्यात ह्याचं नाव नव्हतं.

पेट्रोल मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतच. त्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायरची कथा मला फार जवळची वाटली. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकतं. मग इंजिन आतून ठोके देऊ लागतं. यावर कंपनीने उपाय काढला, पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचं मिश्रण इंजिनात फवारायचं. त्याची वेगळी टाकी गाडीत दिली होती. टाकी रिकामी झाली की मालकाने भरायची, एवढंच काम. लोकांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी असली की यंत्रणा टर्बोचा जोर आपोआप कमी करी. मग गाडी ओढत नाही अशा तक्रारी. शेवटी १९६५ मध्ये कंपनीनेच मालकांना सांगितलं की हवं तर टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देतो. पुष्कळांनी तसं केलं. आज मूळ टर्बोसकट असलेली जेटफायर सापडणं कठीण, असं म्हणतात.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या पिढीची मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याला बनणारी. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मी माझी पहिली गाडी म्हणून तीच घेतली, जुनी, आणि सतरा वर्षं चालवली. पद्मिनीचं इंजिन आणि आजचं छोटं टर्बो इंजिन शेजारी ठेवा. आकारात नवं लहानच आहे. ताकद मात्र शंभर-एकशेवीस!

महाराष्ट्रात बनलेल्या टर्बो पेट्रोल गाड्यांची वंशावळ मी वहीत काढली. २००४ मध्ये औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यातून स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली. १.८ लिटर, १५० अश्वशक्ती. ती शौकिनांची गाडी. २०१० मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची लिनिया टी-जेट आली, १३६८ सीसी, ११४ अश्वशक्ती. चालवणारे आजही तिचं नाव काढतात, पण ती फारशी खपली नाही. त्याचं एक कारण मला अर्थसंकल्पात सापडलं.

२००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने 'लहान गाडी'ची व्याख्या केली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल असेल तर १५००). अशा गाडीवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. झालं! त्या दिवसापासून गाडीची मापं दिल्लीतल्या फुटपट्टीने ठरू लागली. लिनिया इंजिनानेही बाहेर आणि लांबीनेही बाहेर, साडेचार मीटरच्या वर. आणि त्यानंतर आलेली टर्बो इंजिनं बघा. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, ११९७ सीसी, १०५ अश्वशक्ती. २०१४ मध्ये टाटांची झेस्ट, ११९३ सीसी, ९० अश्वशक्ती, लांबी ३९९५ मिलिमीटर. २०१७ मध्ये रांजणगावहून टाटा नेक्सॉन, ११९८ सीसी, तीन सिलिंडर, ११० अश्वशक्ती, २०२० पासून १२०. ३९९५ काय, ११९८ काय! परीक्षेत पस्तीसला काठावर पास होणाऱ्या पोरांची मला आठवण झाली. २०१७ मध्ये जीएसटी आला, २०२५ च्या सप्टेंबरात लहान गाड्यांवर तो १८ टक्के झाला, पण चार मीटर आणि बाराशेची रेघ तिथेच आहे.

इंजिनियर लोक सांगतात की लहान टर्बो इंजिन पेट्रोल वाचवतं आणि धूर कमी करतं, ते खरं आहे. युरोपात ती त्याचसाठी आली. आपल्याकडे मात्र मोठ्या इंजिनाचा जोर लहान इंजिनाच्या करात मिळवायचा, हाही हिशोब त्यामागे होता.

आता गॅरेज. मिस्त्री तिशीतला पोरगा, माझा विद्यार्थी नव्हे, पण मला 'सर'च म्हणतो. त्याने इंजिनच्या तळाचं ऑइल एका ट्रेमध्ये काढलं आणि बोट बुडवून मला दाखवलं.

"सर, हे ऑइल नाही राहिलं. हे तर डांबर होऊन राहिलं. कधी बदललं होतं?"

मी म्हटलं, "किलोमीटर कुठे झालेत रे? तीन वर्षांत अकरा हजार."

तो नुसता हसला. मग त्याने टर्बो काढून दाखवला. हातात मावेल एवढी ती वस्तू. तिच्यातलं चक्र मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतं. एका बाजूला आठशे-नऊशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधला दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर गेला की धातूवर धातू. आमच्या टर्बोचा दांडा बोटाने हलवला तर लटपट हलत होता. त्याच्याकडे जाणारी ऑइलची बारीक नळी काजळीने निम्मी बुजली होती. शिट्टी त्या दांड्याची, आणि निळा धूर तिथून निसटलेल्या ऑइलचा.

बाकीही पुष्कळ त्याने सांगितलं. माझ्यासारख्यांची गाडी रोज दोन-तीन किलोमीटर जाते, भाजी, बँक आणि परत. इंजिन पुरतं तापतच नाही, आणि न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरून ते बिघडतं. म्हणजे कमी वापर हा ऑइलला आराम नव्हे, उलट जाच. दुसरं टोक समृद्धी महामार्गाचं. शिर्डीहून तासन् तास १२० ने यायचं आणि हॉटेलसमोर थांबताक्षणी किल्ली फिरवायची. टर्बो लालबुंद, ऑइलचा पंप बंद, आत अडकलेलं ऑइल जागीच करपतं. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा विजेचा पंप असतो, तरी अर्धा मिनिट थांबायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट ऐकून मी ओशाळलो. पेट्रोल वाचावं म्हणून मी लवकर वरचा गियर टाकतो. मारुतीने लावलेली सवय. टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जास्त भार टाकला तर पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेटतं, आणि तो ठोका इतका जबर असतो की पिस्टन फुटू शकतो. ही अडचण एवढी वाढली की तिला आवर घालणारी ऑइलची नवी प्रतच काढावी लागली, २०२० मध्ये, 'एसपी' नावाची. डबा घेताना ही दोन अक्षरं बघायची. आणि आपला मे महिना! बाहेर पंचेचाळीस अंश, त्यात टर्बो हवा दाबून आणखी तापवणार. समोरच्या जाळीमागचा इंटरकूलर ती थंड करतो, पण तिथे धूळ आणि पाचोळा अडकला की काम मंदावतं. मग इंजिनाचा संगणक स्वतःला वाचवायला जोर कमी करतो. इथेनॉलचं मी मुद्दाम विचारलं, कारण आमच्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी त्याचे मोठे पुरस्कर्ते. वीस टक्के इथेनॉलने आतले ठोके उलट कमी होतात, कारण ते वेळेआधी सहज भडकत नाही. पण त्यात उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणून मायलेज थोडं घटतं, आणि त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांचे रबरी भाग तपासत राहावे लागतात.

तिकडे मुलगा कॅनडातून कंपनीला कडक ईमेल लिहायच्या तयारीत होता. "एवढ्या कमी रनिंगवर टर्बो जातोच कसा? मी सोडणार नाही, बाबा. तुम्ही फक्त सर्व्हिसच्या नोंदी पाठवा." दोन दिवस मी आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिलो. नोंद एकच होती, २०२२ ची.

मग गाडीचं माहितीपुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं: एक वर्ष किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. दहा हजार मला पाठ होतं. 'जे आधी होईल ते' हे चार शब्द मी वाचलेच नव्हते. प्रश्न नीट वाचा, अर्धा वाचून उत्तर लिहू नका, असं चौतीस वर्षं पोरांना ओरडणारा मास्तर मी!

रात्री फोन करून मुलाला सगळं सांगितलं. तिकडे सकाळ होती, तो ऑफिसला निघाला होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं झालं, ईमेल पाठवली नव्हती." बिल साठ हजारांच्या वर गेलं. तो पाठवतो म्हणत होता, पण ते मी पेन्शनमधून भरलं.

आता डॅशबोर्डवर ऑइल बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. समृद्धीवरून आलो की दारात गाडी लावून अर्धा मिनिट तसाच बसतो. सौ. तोवर उतरून कुलूप काढते आणि विचारते, "अजून मोजताय का?"