‘डिप्रेस्ड’ : एका विशेषणाचा हरवलेला कर्ता

गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गाला पुणे करार शिकवत होतो. कराराचा इंग्रजी मजकूर वाचून दाखवताना ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे शब्द आले आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे आपले लोक तेव्हा डिप्रेशनमध्ये होते का?” वर्ग हसला. मीही हसलो. ती हसली नाही. तिने हा शब्द ऐकला तो मैत्रिणींच्या तोंडून आणि डॉक्टरांच्या पाटीवरून. त्याला दुसरा काही अर्थ असेल हे तिला कधी कोणी सांगितलेच नव्हते. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली. कारण या शब्दाचे काय झाले हे मी तरी कधी नीट तपासले होते?

मूळ लॅटिन. ‘दे’ म्हणजे खाली आणि ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे. फ्रेंचमार्गे हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले, तेव्हा त्यात नमवणे, वश करणे हा अर्थ होता. मन खचणे हा अर्थ रुळला तो पुढे, सतराव्या शतकात. भूगोलात खोलगट भागाला ‘डिप्रेशन’ म्हणतात, बाजार मंदावला तरी तोच शब्द. ‘डिप्रेस्ड’ हे मुळात कर्मणी धातुसाधित आहे. म्हणजे व्याकरणाच्या हिशेबाने दाबणारा कोणीतरी हवाच. पण असे रूप एकदा विशेषण होऊन नामापुढे बसले, की कर्ता गळून पडतो. खोलगट जमीन पाहून ती कोणी दाबली असे आपण विचारत नाही. ती तशीच आहे असे धरून चालतो.

आपल्या बाबतीत नेमके हेच झाले. 18 ऑक्टोबर 1906 रोजी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले. मिशनचे मराठी नाव होते ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’. शिंद्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. त्यांनी आयुष्य या कामी वेचले. पण शब्द पाहा. ‘डिप्रेस्ड’चे मराठी झाले ‘निराश्रित’. दाबलेला माणूस आसरा नसलेला झाला. आसरा नसलेल्याला आसरा देणारा लागतो. दाबलेल्याच्या छातीवरचा पाय काढावा लागतो. ही दोन कामे एक नव्हेत.

1909 साली अ‍ॅनी बेझंट यांनी ‘इंडियन रिव्ह्यू’ मासिकात डिप्रेस्ड वर्गांच्या उद्धारावर लेख लिहिला. प्रत्येक समाजाच्या तळाशी असा अडाणी वर्ग असतोच, हे त्यांचे गृहीतक. या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी वर्गात बसवू नये, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाण्यापिण्याने त्यांची शरीरे दुर्गंधीयुक्त झाली आहेत, असाही त्यांचा युक्तिवाद. पाणवठा कोणी बंद केला, हा प्रश्न त्या विशेषणाने विचारूच दिला नाही. पुढे 1945 च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या लेखाचा समाचार घेतला.

स्वतः बाबासाहेबांनीही हा शब्द वापरला, आणि तो वापर कसा केला हे पाहण्यासारखे आहे. 1924 साली त्यांनी स्थापलेल्या संस्थेचे मराठी नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि इंग्रजी नाव ‘डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट’. एकच संस्था, दोन विशेषणे. सरकारदरबारी जो शब्द चालत होता तो सरकारसाठी. आपल्या माणसांसाठी मात्र ‘बहिष्कृत’. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा समोर उभा राहतोच. तो लपवता येत नाही.

दरम्यान शब्दाच्या व्याप्तीवर सरकारी खल चालूच होता. 1930 साली मुंबई इलाख्यातल्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सदस्य होते, हा शब्द फक्त अस्पृश्यांपुरता राखावा असे सुचवले. 1931 च्या जनगणनेत हटन यांनी ‘एक्स्टीरियर’, म्हणजे बाहेरच्या, जाती असा नवा शब्द आणला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्या गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन ठेवले. त्यात स्पष्ट म्हटले, की हे नाव हीनता आणि तुच्छता दाखवणारे आहे, नव्या घटनेच्या निमित्ताने ते बदला. ‘नॉन-कास्ट हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू’ असे पर्याय त्यांनी दिले. ‘प्रोटेस्टंट’ या शब्दात निषेध करणारा माणूस आहे. दाबला गेलेला नव्हे, नकार देणारा! त्यांपैकी एकही नाव स्वीकारले गेले नाही, आणि 1932 चा पुणे करार जुन्याच नावाने झाला.

गंमत अशी, की ज्या शब्दाला आम्ही हरकत घेतली त्याचा अपमान पुढे खुद्द इंग्रजांनाही झोंबला. 1934 साली साउथ वेल्स, टाइनसाइड अशा बेकारीने पोळलेल्या भागांसाठी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विधेयक आले. त्या भागांना ‘डिप्रेस्ड एरियाज’ म्हणत. उमरावांच्या सभागृहात ते नाव बदलून ‘स्पेशल एरियाज’ झाले. तिथल्या खाणकामगाराची भाकरी बदलली नाही, विशेषण बदलले. पुढच्याच वर्षी याच पार्लमेंटने 1935 चा कायदा केला आणि ‘पूर्वी डिप्रेस्ड क्लासेस म्हणून ओळखले जाणारे’ लोक ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ झाले. शेड्यूल म्हणजे मुळात कागदाची चिठ्ठी. या चिठ्ठीने आम्हांला हक्क दिले, ते मी नाकारणार नाही. माझी पदवी आणि ही नोकरी त्या चिठ्ठीवरच उभी आहे. पण यादी करणारा कारकून सोडला तर या विशेषणालाही कर्ता नाही.

‘दलित’ला तो आहे. दल् म्हणजे फोडणे, चिरडणे. 1972 नंतर पँथरने हा शब्द छातीवर लावला तो अभिमानाने, पण त्याचे बळ आरोपात होते. चिरडलेला म्हणताच कोणी चिरडले हे सांगावे लागते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आज ‘डिप्रेस्ड’ म्हणजे मनाचे दुखणे एवढेच उरले आहे. ते दुखणे खरे असते, त्याला औषध लागते, याबद्दल दुमत नाही. पण तो अर्थ सोयीचाही ठरतो. 17 जानेवारी 2016 रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने आत्महत्या केली. त्याआधी त्याच्यासह पाच दलित संशोधकांना वसतिगृहातून बाहेर काढले होते. चौकशीसाठी नेमलेल्या एकसदस्य आयोगाने कारण शोधले ते त्याच्या व्यक्तिगत वैफल्यात. चळवळीतली मुले मात्र त्याला ‘संस्थात्मक हत्या’ म्हणत होती. एका शब्दात दाब माणसाच्या आत आहे, दुसऱ्यात त्याच्यावर. शंभर वर्षांपूर्वीचाच वाद आहे हा, फक्त आता तो इस्पितळाच्या भाषेत चालतो.

परीक्षेत त्या मुलीने पुणे करारावरचा प्रश्न सोडवला. नमुना उत्तरात ‘मागास वर्ग’ असे छापले होते. तिने सगळीकडे ‘दडपलेले वर्ग’ लिहिले होते. मी पूर्ण गुण दिले.