छेदचित्रांतील तिरपी रेषा

कोल्हापूर म्हटलें कीं कुस्ती, चित्रपट आणि गूळ यांची आठवण प्रथम होते. ओतकामाची सहसा होत नाहीं. वस्तुतः उद्यमनगरापासून शिरोली व गोकुळ शिरगांवपर्यंत पसरलेल्या फौंड्र्या या शहराच्या संसाराचा एक मोठा आधार आहेत. त्या फौंड्र्यांच्या लिपींत एक अक्षर आहे: पंचेचाळीस अंशांत ओढलेली बारीक तिरपी रेषा. तिच्या इतिहासाविषयीं येथें थोडेंसें लिहावें असा आमचा विचार आहे.

यंत्राचा एखादा भाग मधोमध कापला आहे अशी कल्पना करून जें चित्र काढतात, तें छेदचित्र. कापलेल्या ठिकाणीं जेथें धातु आहे तेथें समांतर तिरप्या रेषा भरावयाच्या, जेथें पोकळी आहे तेथें कागद कोरा ठेवावयाचा. पॅटर्न करणाऱ्या सुताराचें सारें काम या एका भेदावर चालतें. कोरी जागा दिसली कीं तेथें वाळूचा कोअर बसणार, आणि त्यास टेकू मिळावा म्हणून पॅटर्नला कोअर-प्रिंट ठेवावें लागणार, हें तो ओळखतो. रेषांनीं भरलेली जागा ती रसाची. बीड निवतांना शेंकडा सुमारें एक आकसतें, तेव्हां पॅटर्न तेवढा मोठा घ्यावयाचा. रेषा चुकीच्या जागीं पडली तर चूक लांकडांत उतरते, तेथून वाळूंत, आणि अखेर ओतलेला भाग भंगार म्हणून पुन्हा भट्टींत जातो.

पूर्वीं हें काम रंग करीत असे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील रेखनकार छेदावर जलरंगाचा हलका हात फिरवीत. घडीव लोखंड निळें, बीड करडें, पितळ पिवळें, वीट तांबडी. अशीं चित्रें भिंतीवर लावावींत इतकीं देखणीं असत. परंतु कारखान्यास एका चित्राच्या दहा प्रती लागूं लागल्या. जॉन हर्शेल यांनीं १८४२ मध्यें शोधलेली निळ्या छापाची कृति त्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र रूढ झाली, आणि निळ्या कागदावर पांढऱ्या रेषेवांचून दुसरें कांहीं उमटेना. रंगाची भाषा रेषेस शिकावी लागली.

योगायोग असा कीं याच सुमारास मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें चित्रकला शिकणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांस (१८६९–१९५६) कांहीं रंग ओळखतां येत नाहींत असें आढळून आलें. त्यांनीं कुंचला ठेवला, यंत्रांच्या रेखाटनाचा अभ्यास केला, आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकविला. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंगानें ज्याला दार लावलें त्याला रेषेनें तें उघडून दिलें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

संगणकावरील रेखाटनाचा आरंभ आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ च्या 'स्केचपॅड'पासून मानतात. ऑटोकॅड १९८२ मध्यें बाजारांत आलें. ज्या रेषा भरण्यांत रेखनकाराची दुपार जात असे, त्या आतां क्षणांत भरूं लागल्या. त्यांतील सर्वांत परिचित नमुना 'एएनएसआय ३१': पंचेचाळीस अंश, दोन रेषांत एक अष्टमांश इंच. मात्र क्षेत्र चोहोंकडून बंद हवें. सुरुवातीस सीमारेषा स्वतः निवडून द्याव्या लागत, आणि कोपऱ्यांत केसाएवढी फट राहिली तरी रेषा भलतीकडे पसरत. १९९२ च्या बाराव्या आवृत्तीपासून आंत एक बिंदु दाखवावा आणि सीमा संगणकानें शोधावी अशी सोय झाली. दोन वर्षांनीं, सीमा हलविली तर रेषाही तिच्याबरोबर हलूं लागल्या.

परंतु बंद क्षेत्र कोणतें हें जाणणारा संगणक त्या क्षेत्राचा अर्थ जाणतोच असें नाहीं. जुना संकेत असा कीं छेद एखाद्या बरगडीच्या लांबीनें गेला तर तीवर रेषा ओढावयाच्या नाहींत. शाफ्ट व बोल्ट यांसही हाच न्याय. कारण पातळ बरगडी भरली तर पाहणाऱ्यास सगळा भाग भरीव ठोकळा वाटतो. संगणकास मुद्दाम सांगितलें नाहीं तर तो ती निमूटपणें भरतो. नवशिक्यांच्या चित्रांत ही चूक आम्ही अनेकदां पाहिली आहे, आणि ती पकडणारा बहुधा जुना पॅटर्नवालाच असतो; 'हें इतकें जड कसें?' एवढेंच तो विचारतो. आतां त्रिमितीय आकृति परस्पर कापणाऱ्या यंत्राकडे जाऊं लागली आहे, आणि तेथें हा प्रश्न विचारणारा मध्यें कोणी उरत नाहीं. वेळ वांचतो हें खरें, पण हा सौदा स्वस्त आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

रंग मात्र एका ठिकाणीं अद्याप टिकून आहे. बांधकामाच्या परवान्यासाठीं महानगरपालिकेकडे जाणाऱ्या नकाशांत नवें काम तांबड्या रंगानें भरतात, आणि जें पाडावयाचें त्यावर पिवळ्या तिरप्या रेषा ओढतात.